बर्फ सोडून सगळं

नोला कॉफ्लनच्या मोटेलात उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काय बघायचं हे स्वतः ठरवायची मुभा नाही. तो सगळं ठरवूनच आलेला असतो, फोनमध्ये नकाशे घेऊन, सकाळी हे आणि दुपारी ते. नोला चहा ओतता ओतता त्याचं सगळं ऐकून घेते. मग खिडकीतून एकदा समुद्राकडे बघते, एकदा डोंगराकडे बघते आणि म्हणते, "छान आहे. आता हे विसरा."

तिचं गणित साधं आहे. तळ्यावर उजाडायच्या आत पोचायचं, कारण न्याहारीच्या वेळेला वारा सुटतो आणि पाण्यात दिसणारे डोंगर मोडून जातात. बर्फाकडे, म्हणजे हिमनदीकडे, सकाळीच, कारण दुपारी समुद्रावरून ढग वर चढतात. समुद्रकाठी संध्याकाळी. आणि उद्याचा बेत आज कधीच करायचा नाही, कारण वेहेका गावातला पाऊस पाहुण्यांना विचारून येत नाही. जे हट्टानं आपलाच बेत चालवतात ते तीन दिवस ओले टॉवेल बघून परत जातात. एका जर्मन गृहस्थानं नको सांगितलेल्या जागी गाडी लावली होती. केआ पोपटांनी तिच्या काचांची रबरं सोलून काढली. ही गोष्ट नोला प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि दर वेळी रबरं थोडी वाढतात.

ती चौसष्ट वर्षांची आहे. मोटेलच्या मागं जे पत्र्याच्या छपराचं घर आहे, त्यातच तिचा जन्म झाला. लग्न करून ती ब्लेनमला गेली, पण तिथल्या कोरड्या हवेत तिला करमेना. ती परत आली, नवरा द्राक्षांच्या मळ्यात रुजला. त्यावर तिनं फार अश्रू ढाळल्याचं कुणी पाहिलेलं नाही. बाप लेन कॉफ्लन हिमनदीवर वाटाड्या होता. रोज सकाळी पर्यटकांच्या आधी वर जायचं आणि कुऱ्हाडीनं बर्फात पायऱ्या खोदायच्या, हे त्याचं काम. संध्याकाळपर्यंत ऊन नाही तर पाऊस त्या पायऱ्या चाटून पुसून टाकी. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोदायच्या. असं त्यानं तीस वर्षं केलं आणि आपण काही विशेष करतो असं त्याला कधी वाटलं नाही.

तर अशा या नोलानं गेल्या मार्चमध्ये एक बेत चक्क आठवडाभर आधी ठरवला. पहिल्या दिवशी मॅथेसनचं तळं. दुसऱ्या दिवशी गिलेस्पीचा किनारा आणि तिथले सील. तिसऱ्या दिवशी ओकारिटोच्या खाडीत होडीतून पांढरे बगळे, जे इकडे क्वचितच दिसतात. चौथ्या दिवशी दक्षिणेला पार हास्टपर्यंत मोटारीनं. पाचव्या दिवशी विश्रांती, आणि सहाव्या दिवशी पाहुण्याची रवानगी.

मोटेलात कामाला असलेली तेरीना चादरींच्या घड्या घालत हे ऐकत होती. तेरीनाची माणसं या किनाऱ्यावर कॉफ्लनांच्या कितीतरी पिढ्या आधीपासूनची, त्यामुळे ती अधूनमधून नोलाला 'तुम्ही नवीन लोक' म्हणते. पगार नोलाकडून घेते, पण ऐकून घेत नाही.

"आणि बर्फ?" तिनं विचारलं.

"त्याचे गुडघे दुखतात."

"चार दिवस तंगडतोड करायला गुडघे आहेत, आणि बर्फाकडे जायला नाहीत? अगं, लग्नाला बोलवायचं आणि नवरीच लपवायची, ही कुठली रीत?"

"तू घड्या घाल."

"घालते. पण तो सोन्याच्या खाणीत होता, बाई. आंधळ्यांच्या शाळेत नव्हता."

पाहुणा म्हणजे नोलाचा थोरला भाऊ, डेस. शेहेचाळीस वर्षांनी घरी येत होता.

बाविसाव्या वर्षापर्यंत डेस बापाबरोबर पायऱ्या खोदायचा. एक दिवस जेवताना तो म्हणाला, संध्याकाळी वितळून जाणारं काम करण्यात जन्म घालवायला मी काही वेडा नाही. लेननं चमचा खाली ठेवला, आणि त्यानंतर तो मुलाशी बोलला नाही. बोलली ती आई. डेस ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या खाणीवर जायला निघाला तेव्हा कॅथलीन कॉफ्लन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जातोयस तर जा. पण या दारातून पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही." बाप वारला तेव्हा डेसला कळवलं होतं, तो आला नाही. आपण आलो तर दारात उभं करतील या भीतीनं आला नाही, हे पुढं कधीतरी त्यानं सांगितलं. आईला मात्र ते कधी कळलं नाही. तिच्या लेखी तो बापाच्या मातीलाही न आलेला मुलगा होता.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली. नोलानं कुठून कुठून नंबर मिळवून त्याला फोन केला. पलीकडे त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग डेसनं विचारलं, "माझं काही काढलं होतं का तिनं?"

आईनं शेवटच्या दिवसांत डेसचं नाव घेतलं होतं, हे अगदी खरं. पण जे म्हणाली होती ते काही मेलेल्या बाईच्या नावानं सांगण्यासारखं नाही, असं नोलाला वाटलं. तेव्हा तिनं पुढचं आपल्या पदरचं घातलं. "म्हणाली, माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. माझं लेकरू सुखी राहो."

तेव्हापासून डेस दर रविवारी फोन करू लागला. दोन वर्षांनी एकदा तो म्हणाला, "तुला सांगतो नोले, मी दारू सोडली ती आईच्या त्या वाक्यावर." आता ते वाक्य परत घ्यायची सोय उरली नव्हती.

दुसरी गोष्ट बर्फाची. डेसचा फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "म्हातारा कसा आहे?" गावात हिमनदीला सगळे म्हाताराच म्हणतात. नोला म्हणायची, "आहे जागेवर." सुरुवातीला यात तिला खोटं काही वाटलंही नाही. म्हातारा मागं सरायचा आणि पुन्हा पुढं यायचा, हे तिनं जन्मापासून पाहिलं होतं. तिच्या लहानपणी मागं होता, ती तिशीत असताना झाडं मोडत खाली आला होता. गावातलं कुणीही हेच सांगायचं, "गेलाय ना, येईल. जाणार कुठं?" बाहेरगावचे लोक आकडे सांगून घाबरवायचे तेव्हा गावकरी एकमेकांकडे बघून हसायचे. मग म्हातारा मागं गेला तो जातच राहिला. एका वादळात दरड कोसळली आणि दरीतला रस्ताही वाहून गेला. हसणारे हळूहळू गप्प झाले. तोवर नोला इतके रविवार 'जागेवर आहे' म्हणून चुकली होती की आता खरं सांगायला तोंड उरलं नव्हतं.

तिची झोप उडाली होती ती यामुळे. बर्फ खोटा निघाला की डेस विचारणार, मग आईचं काय? आणि आईचं ते वाक्य खोटं ठरलं तर त्या माणसाकडे राहिलं काय?

डेस आला. होकिटिकाच्या विमानतळावर नोलानं त्याला ओळखलं ते बापाच्या चालीवरून. वाळलेला, खांद्यात वाकलेला, खाणीतल्या सुरुंगांनी उजवा कान गेलेला. मिठी मारायची की हात मिळवायचा हे दोघांनाही ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोघांनी मिळून बॅग उचलली.

"तुझ्यासाठी आतली खोली झाडून ठेवलीय," ती गाडीत म्हणाली.

"मोटेल आहे ना तुझं? मला मोटेलातच दे खोली."

"भावाला मोटेलात?"

"पैसे देईन," डेस म्हणाला.

त्यानं चार नंबरची खोली घेतली. मागच्या घरात तो आलाच नाही. सकाळी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पायरीवर बसून चहा प्यायचा. व्हाइटबेट या बारीक माशांची अंड्यातली पोळी, त्याची लहानपणची जीव की प्राण, तीसुद्धा पायरीवर बसून चिलटं मारत खायचा. नोला म्हणायची, "आत ये की, चावून खातील तुला." तो म्हणायचा, "इथं बरं आहे, हवा येते." आईच्या मनात काही नव्हतं हे ऐकून दारू सोडणारा माणूस आईच्या दारातून आत यायला मात्र धजत नव्हता. एखादं वाक्य आवडणं वेगळं आणि त्यावर पाय ठेवून उभं राहणं वेगळं, हे नोलाला त्या पायरीकडे बघून कळायचं.

पहिले तीन दिवस तिचा बेत छान पार पडला. तळ्यावर डोंगर दिसले नाहीत, नुसते ढग दिसले, तरी डेस काठावर बराच वेळ उभा होता. किनाऱ्यावर सीलांनी त्याच्यावर भुंकून घेतलं. खाडीत एक पांढरा बगळा होडीच्या इतका जवळ उतरला की डेसनं डोक्यावरची टोपी काढली. दरी तिन्ही दिवस ढगात होती. जन्मात पहिल्यांदा नोला ढगांवर खूश होती.

चौथ्या सकाळी ती उठली आणि खिडकीशी गेली तर आभाळ लख्ख. डोंगर हात लावावा इतके जवळ आलेले. आणि अंगणात डेस, बूट घालून तयार.

"चल, आज वर जाऊ," तो म्हणाला.

"आज हास्टला जायचं ठरलंय."

"हास्ट कुठं पळून जातंय?"

"रस्ता वाहून गेलाय रे दरीतला. सांगितलं नव्हतं का मी?"

"नव्हतं सांगितलंस. पण दक्षिणेकडच्या अंगानं रानातून पायवाट आहे म्हणे. समोरूनच दिसतं. तेरीना म्हणाली."

नोलानं वळून बघितलं. तेरीना दोरीवर टॉवेल वाळत घालत होती, अगदी मन लावून.

ओल्या नेच्यांतून, शेवाळलेल्या झाडांतून वाट वर जाते; एरवी नोला पाहुण्यांना इथली झाडं नावानिशी सांगते. आज ती नुसती चालत होती. डेस मात्र एकेक ठिकाण ओळखून खुशीत येत होता. "या वळणावर बाबा विडी पेटवायचे." आणि थोडं पुढं, "आता या टेकाडावर चढलं की समोरच. थंडगार वारा येईल बघ तोंडावर."

टेकाडावर चढले. वारा आला नाही.

समोर दरी होती, रुंद, राखाडी, दगडांनी भरलेली. मधून नदी वाहत होती. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर एका रेषेच्या खाली झाडाचं नाव नव्हतं, नुसता सोललेला खडक. त्या रेषेपर्यंत कधीकाळी बर्फ होता. आणि लांब, अगदी वर, दरीच्या माथ्याशी दोन कड्यांच्या खोबणीत मळकट पांढरं काहीतरी दिसत होतं.

डेस आधी खालीच शोधत राहिला. नदीकाठी, जिथं असायला हवं तिथं. मग त्याची नजर हळूहळू वर गेली आणि तिथं थांबली. नोलाला त्याच्याकडे बघवेना. शेजारी बाकावर एक तरुण जोडपं सॅण्डविच खात बसलं होतं आणि फोटो काढून काढून खूश होतं. त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

"बाबांच्या पायऱ्या तिथं होत्या," डेस म्हणाला. त्यानं हवेत बोट दाखवलं, दरीच्या मधोमध, जमिनीपासून शेकडो फूट वर, जिथं नुसतं आभाळ होतं.

"हो."

"तू दर रविवारी म्हणायचीस, जागेवर आहे."

"मला वाटायचं येईल परत. नेहमी यायचा ना रे. सगळेच म्हणायचे येईल."

"आणि नंतर?"

"नंतर लाज वाटायला लागली."

डेसनं मान हलवली. रागावला असता तर बरं, असं नोलाला वाटलं. तो नुसता बघत होता. मग तिची नऊ वर्षांची भीती त्यानं अगदी साध्या आवाजात बोलून दाखवली.

"मग आईचंही तसंच असेल. माझ्या समाधानासाठी."

हो म्हणावं तर माणूस उभा कोसळेल, नाही म्हणावं तर आता विश्वास कोण ठेवणार. नोलानं आजवर शेकडो लोकांचे दिवस आखून दिले होते, पण या क्षणाचं तिला काही आखता येईना. तेव्हा जे खरं होतं तेच ती बोलली. हळू बोलली, खाली बघून.

"काय? या कानात बोल," डेस म्हणाला आणि त्यानं डावा कान पुढं केला.

"नाव घेतलं होतं तिनं!" नोला ओरडली. जोडप्यानं सॅण्डविच खाली केलं. "पण ते सुखी राहो वगैरे माझं. ती तसं काही म्हणाली नव्हती."

"मग काय म्हणाली?"

"जाऊ दे ना. भ्रमिष्ट झाली होती शेवटी."

"नोले. काय म्हणाली?"

नोलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच तिला आईचा आवाज आठवला, तो करवादलेला, कपाळाला आठ्या पडलेल्या माणसाचा. "पाऊस पडत होता. मी दार लावायला उठले तर म्हणाली, राहू दे उघडं, डेस येतोय. मी म्हटलं, आई, डेस कुठं आहे इथं? तर मलाच झापलं. म्हणाली, वाद घालू नकोस. त्याला म्हणावं, ते खिळ्यांचे बूट बाहेर काढ. आत्ताच जमीन पुसलीय."

डेसनं समोरचा कठडा धरला.

"एवढंच," नोला म्हणाली. "मरताना मुलाला काय सांगितलं, तर बूट काढ. हे मी तुला फोनवर कसं सांगू? तू इतक्या वर्षांनी विचारलंस आणि मी काय बुटांचं सांगू?"

"पुन्हा सांग."

"बूट बाहेर काढ. आत्ताच जमीन पुसलीय!"

तिचं ओरडणं दरीत घुमून परत आलं. डेस कठड्याला धरून उभा होता. त्याचे खांदे हलत होते, आणि तो हसतोय की रडतोय हे नोलाला बाजूनं कळेना. त्यांच्या घरात बर्फावर चालायच्या त्या खिळ्यांच्या बुटांवरून झालेली भांडणं दोघांनाही पाठ होती. बापाच्या आणि मुलाच्या बुटांनी आईच्या लाकडी जमिनीवर चरे पडायचे आणि आई दोघांना उंबऱ्यावरच अडवायची, बूट हातात घ्या आणि मगच आत या. हे बोलणं कुणी बनवून सांगू शकलं नसतं. 'माझं लेकरू' हा शब्द कॅथलीन कॉफ्लननं जन्मात कधी कुणाला वापरला नव्हता, हे डेसलाही नऊ वर्षं माहीतच असणार.

"दार उघडं ठेव म्हणाली?" त्यानं शेवटी विचारलं.

"हो. मी लावून घेतलं. पाऊस आत येत होता."

परतताना वळणावर डेस बाबांच्या विडीचंही काही बोलला नाही. मोटेलाशी आल्यावर नोला गाडी लावून मागच्या दारानं घरात गेली आणि किटली ठेवली. तो चार नंबरकडे जाईल, बॅग भरील, परवाऐवजी आजच जातो म्हणेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

दाराशी सावली पडली. डेसनं एका हातानं चौकट धरली आणि तो वाकला. बुटांची नाडी भिजून घट्ट बसली होती; म्हाताऱ्या बोटांना ती सुटेना. नोला पुढं झाली तर त्यानं हातानंच तिला थांबवलं. एक बूट निघाला, मग दुसरा. दोन्ही त्यानं बाहेर भिंतीशी जोडीनं ठेवले आणि मोज्यांवर आत आला. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. खोलीच्या मधोमध तो उभा राहिला, कुठं बसायचं ते न कळल्यासारखा. आईनं त्याला आत बोलावलं होतं, आणि तो निरोप आपण नऊ वर्षं खालच्या दर्जाचा समजून दाबून ठेवला होता, हे नोलाला त्याच्या त्या मोज्यांकडे बघताना कळलं आणि तिला हुंदका आवरेना.

"पुसलीय का?" डेसनं जमिनीकडे बघत विचारलं.

"आत्ताच," नोला म्हणाली. तीन दिवसांत त्या जमिनीला कुणी फडकं लावलं नव्हतं, आणि ते दोघांनाही दिसत होतं.